त्याच्या बोटाचं रक्त

भूकंपानंतरच्या वर्षांत मी लातुरात जीवशास्त्राची शिकवणी घेत होतो. पांढऱ्या पेशी जंतूंना कसं गिळतात हे मुलांना दाखवायला आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस स्वतःच्या बोटाचं रक्त द्यायचा. त्यात जंतूंसाठी दह्याचं पाणी मिसळून ती कुपी तो अर्धा तास काखेत धरून बसायचा. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हळूच म्हणायचा, "चाचपून राहिली, सर. वळखलं की गिळती."

एका वर्षी काचपट्टीवर पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी दिसली. जंतू त्यांना खेटून होते, पण एकही पेशी त्यांना ओळखत नव्हती.

"औंदा फौज लई हाय, सर," तो हसला. "पण समद्या उपाशीच निजल्यात."

हा रक्ताचा कर्करोग असू शकतो, हे मला तेव्हाच कळलं. पण परीक्षा तोंडावर होती आणि दुसरं कोणी बोट टोचून घ्यायला तयार नव्हतं.

"उन्हाळ्यात होतं असं," मी म्हणालो.

तो अचानक गेला, असं शिकवणीतले लोक आजही सांगतात. काचपट्टीवर ती गर्दी दिसल्यानंतरही महिनाभर तो रोज सकाळी बोट पुढे करत होता आणि मी टोचत होतो.