ओवीला दुसरा सूर

"पाश्चात्त्य संगीत? अन् ते मारेगावात?" व्याख्यानमालेचे कार्यवाह चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "बाई, कापसाच्या भावानं लोकायच्या तोंडचं पाणी पळालं, अन् तुम्ही त्यायले युरोपातले बाजे सांगता? एवढा कान नाही आपल्या लोकायले."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथल्याच हायस्कुलात शिकवत होते. वडील तहसीलीत कारकून. नागपूरला कॉलेजात असताना एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडे मी हट्टानं पियानो शिकले होते. कापसाच्या त्या वाईट वर्षांत व्याख्यानमालेची वर्गणी आटली, पुण्या-मुंबईचे वक्ते परवडेनात, म्हणून एक दिवस गावातल्या बाईच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला आला. तो फसला असता तर कार्यवाहांनी जन्मभर ऐकवलं असतं, की बघा, म्हटलं होतं न. माझं नाक कापलं गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. आपल्या लोकांना कान नाही, हे मात्र मी कोणाच्या बापाचं ऐकून घेणार नव्हते.

कॅसेट लावायची सोय नव्हती, कारण संध्याकाळी लोडशेडिंग ठरलेलं. म्हणून मी राजूरची बँडपार्टी गाठली. त्या वर्षी लोक चार माणसांत लग्नं उरकत होते, बाजा कोणी सांगेना, त्यामुळे मंडळी मोकळीच होती.

तालीम शाळेच्या पटांगणात. आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. वरातीच्या बँडचा एक रिवाज असतो: सगळ्यांनी एकच चाल वाजवायची, आणि एखाद्याचा दम तुटला की शेजारच्यानं त्याची चाल उचलायची. बाजा बंद पडता कामा नये. मी युफोनियम नावाचा मोठा पितळी भोंगा वाजवणाऱ्याला वेगळी चाल दिली होती. पण क्लॅरिनेट वाजवणारे बँडमास्तर जरा अडखळले की हा गडी आपली चाल सोडून त्यांच्या मदतीला धावायचा.

"काहून सोडली?" मी विचारलं.

"मास्तर मागं पडून राह्यले होते न बाई. एकट्याले कसं सोडू?"

आता अशा माणसावर काय चिडायचं? तरी मी चिडलेच. म्हटलं, अरे, निंदणात तण काढताना प्रत्येक बाई आपापली पात, आपली ओळ, धरते, पण जातात सगळ्या शेताच्या एकाच धुऱ्याकडे, एकाच बांधाकडे. तसं वाजव.

"पण एखादी मागं पडली तं शेजारीन तिची पात घेतेच न," तो म्हणाला. मी म्हटलं, चला, पुन्हा पहिल्यापासून.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन उतरताना पटांगण भरलं. कापूस वेचून तशाच आलेल्या बाया पुढे बसल्या. मी सांगितलं, युरोपातल्या चर्चमध्ये शेकडो वर्षं सगळे मिळून एकच चाल गात. मग बँडनं जात्यावरच्या ओवीची चाल वाजवली आणि बायांना मी सोबत गुणगुणायला लावलं. "हे तं आमचंच हाय," एक म्हणाली. पुढे कोणीतरी त्या चालीखाली एक सूर धरून ठेवला. आपल्या तंबोऱ्यासारखा. तोही वाजवून दाखवला. आणि मग कोणीतरी धाडस केलं: दोन वेगळ्या चाली एकाच वेळी, कोणी कोणाची चाकर नाही. पुढचं सगळं त्या धाडसातून आलं. एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुड्या आल्या, राजवाड्यातल्या मैफली आल्या, मोठमोठे वाद्यवृंद आले, आणि शेवटी जुने नियम मोडणारेही आले.

"आता ऐका," मी म्हटलं.

मास्तरांनी ओवी सुरू केली. युफोनियम आपली चाल घेऊन आत शिरलं. आणि मास्तरांना खोकल्याची उबळ आली. राजूरच्या कोळसा खाणीच्या धुळीचा जुना खोकला तो, थांबेचना. क्लॅरिनेट बंद. युफोनियमवाल्याची नजर मास्तरांवर गेली, आणि मला कळलं, हा आता धावणार. म्हटलं, झालं, वाजला बोऱ्या.

तेवढ्यात पुढच्या एका बाईनं मोकळ्या गळ्यानं ओवी उचलली. तिच्या शेजारणीनं साथ दिली. बघता बघता सगळ्या बाया गायला लागल्या. युफोनियमवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आपली चाल सोडली नाही. बायांची ओवी खाली उतरायची तेव्हा याचं पितळ वर चढायचं. मागे बिडी ओढत उभी असलेली माणसंसुद्धा बोलायची थांबली.

हे असं मी रेकॉर्डवर कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण माझ्या तालुक्यातल्या बाया, दिवसभर वेचणी करून आलेल्या, न शिकवता दोन सुरांतला एक सूर पेलून उभ्या होत्या. माझी छाती अशी फुगली की आजही ती गोष्ट सांगताना मी उगाच नम्रपणा करत नाही. अभिमान वाटला, भरपूर वाटला.

आभाराला कार्यवाह उठले. लिहून आणलेला कागद त्यांनी खिशातच ठेवला. "ऐकलं आपण सगळ्यायनं," एवढंच म्हणाले आणि बसले.

लोक उठायला लागले. युफोनियमवाला दुपट्ट्यानं तोंड पुसत माझ्याजवळ आला. डोळे ओले होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"बाई, इतके वर्षं वाजवून राह्यलो," तो म्हणाला, "पण मी काय वाजवतो ते मले आज पहिल्यांदा ऐकू आलं. अजून एक बार वाजवू द्या न. बायको पार मांगं बसली होती. तिले समोर आणून बसवतो."

मी उठलेल्या लोकांना पुन्हा खाली बसवलं.