सिंकखालचं मशीन आणि शनिवारचा हार

आमच्या सिंकखालचं कचरा दळणारं मशीन एका रविवारी सकाळी घुरघुरलं, जळका वास सोडून कायमचं गप्प झालं. गुन्हेगार कोण, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. माझे यजमान आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा मनापासून चघळतात आणि चोथ्याचा ढीग ताटात रचून ठेवतात. तो ढीग त्यांनीच सिंकमध्ये ढकलला असणार. त्यांनी साफ नाही म्हटलं. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, त्यामुळे साफ नाही म्हणणारे चेहरे मला नवीन नाहीत.

मशीनशिवाय आमचं अडतं, कारण घंटागाडी आमच्या गल्लीत येते ती नेमकी मी आंघोळीला गेल्यावर. चौथ्या मजल्यावरून ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावायचं वय घरात कुणाचंच राहिलेलं नाही. यजमान सदुसष्टचे, मी बासष्टची आणि सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. तेव्हा नवं मशीन घ्यायचं हे ठरलेलंच होतं, प्रश्न फक्त कुठलं घ्यायचं एवढाच होता.

शरणपूर रोडवरच्या दुकानदाराने मला बघताच सगळ्यात मोठं मशीन पुढे केलं. "मॅडम, एक हॉर्सपॉवरचंच घ्या. हाडांचंसुद्धा पीठ करतं."

"आमच्याकडे हाडं नसतात," मी म्हणाले. "भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलासुरला भात. तीन माणसांचं घर आहे, खानावळ नाही."

माझ्या हिशेबाने अर्ध्या हॉर्सपॉवरचं मशीन आम्हाला पुरून उरलं असतं. पण शेवग्याच्या शेंगा आठवल्या आणि मी स्वतःच्या गणिताविरुद्ध मोठ्यावर बोट ठेवलं. नवरा बदलत नाही म्हटल्यावर मशीनच दणकट हवं. दुकानदार म्हणाला, आधी जुनं काढून खालच्या जागेचं माप आणा. म्हणून दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं.

प्लंबर सिन्नरकडचा, केस पिकलेला, बोलायला मोकळा. तो सिंकखाली आडवा झाला, मशीन उतरवलं, उघडलं आणि आत बोट घालून काहीतरी ओढत बसला. हातभर दोरा निघाला, मग आणखी हातभर. मध्ये मध्ये जरीचे तुकडे अडकलेले.

"ताई, हारातला दोरा हाय ह्यो," तो म्हणाला. "शेंगाबिंगा काय नाय यात."

यजमानांनी तो दोरा उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. 

"मग एक हॉर्सपॉवरचं घेतलं तर?" मी विचारलं.

"मोठं घ्या नायतर बारकं घ्या, दोऱ्यापुढं लय दिवस टिकत नाय. तुम्हाला बारकंच बास हाय. दोरा तेवढा घालू नका."

आमच्या घरात हार एकच असतो, सासऱ्यांच्या फोटोला. दर शनिवारी सासूबाई जुना उतरवून शेवंतीचा ताजा घालतात. त्या दाराशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "मीच घातला. पाणी वाहतं ठेवलं होतं गं. नळ चांगला दहा मिनिटं सोडला होता."

मला आधी कळेचना. मग सगळं एकदम कळलं. फोटोवरून, देवावरून उतरलेली फुलं, म्हणजे निर्माल्य, त्या आयुष्यभर गंगेवर नेऊन सोडत आल्या. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. गुडघे गेले तेव्हा हे काम यजमानांकडे आलं आणि पिशवी आठ दिवस स्कूटरच्या डिकीत वास मारत राहिली. तेव्हा मीच फळ्यावर उत्तर लिहावं तशा खात्रीने सांगितलं होतं, "आई, घंटागाडीत देऊन टाका. सगळे तेच करतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही," सासूबाई आता म्हणाल्या. "त्यांची फुलं मी कचऱ्यात कशी देऊ? म्हटलं, इथं पाणी तरी वाहतं आहे. तीन शनिवार जमलं." जुडी पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "आता फोटोला हारच नको. फुलं नकोत म्हणजे ती टाकायलाही नकोत."

मला भयंकर लाज वाटली. मशीन किती ताकदीचं हवं याचा मी दोन दिवस काथ्याकूट केला होता, आणि घंटागाडीचं सांगून झाल्यावर ही फुलं जातात कुठे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मशीन अर्ध्या हॉर्सपॉवरचंच आणलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, मी लक्ष दिलं नाही. आणि शनिवारी सासूबाईंना न विचारता शेवंतीचा हार आणला, जुन्याचा दोरा काढून फुलं पिशवीत भरली आणि दोघी रिक्षाने गंगेवर गेलो.

पायऱ्या उतरणं त्यांना शक्य नव्हतं. त्या वर रिक्षात बसल्या, मी पिशवी घेऊन खाली गेले. घाटावर निर्माल्यासाठी कलश ठेवलेला आहे. नदीत काही टाकू नये हे मी शाळेत अख्ख्या पिढीकडून घोकून घेतलं आहे. मी पिशवी कलशात रिकामी करायला घेतली आणि वर बघितलं. सासूबाईंनी आधीच हात जोडले होते.

मी एक फूल बाजूला काढलं, बाकीची कलशात टाकली. मग वाकून ते एक पाण्यात सोडलं. आजूबाजूला माझा कुणी जुना विद्यार्थी नाही ना, हेही बघून घेतलं.

वर आले तर त्यांनी विचारलं, "सोडलीस?"

"सोडली, आई."

"एकच सोडलंस," त्या म्हणाल्या. "लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं."

रिक्षा वळली. त्यांनी मान वळवून, दिसेनासं होईपर्यंत पाण्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातातली रिकामी पिशवी घेऊन मांडीवर नीट घडी घातली.

"एक पुरे झालं," त्या म्हणाल्या. "त्यांनाही गर्दी आवडायची नाही."