रविवारचा प्रोफेशनल

जी टीम सारखी हरते, तिच्याकडे किस्से जास्त साठतात. आमची टीम तीन वर्षं हरत होती, त्यामुळे माझ्याकडे भरपूर आहेत. सांगायला समोर कोणी नसतं, म्हणून लिहितो.

पहिला माझ्या भरतीचा. मी परदेशात, जुरोंगला शिपयार्डात वेल्डर. खोलीत आम्ही बारा जण, बाकी सगळे तमिळ किंवा बंगाली. मराठी बोलायचो ते फक्त फोनवर, आईशी. एका रविवारी क्वीन्सटाउनच्या मैदानाबाहेरून जाताना आतून आवाज आला, "अरे, डोळे फुटले का तुझे?" मी जागीच थांबलो. इतकं गोड मराठी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं! तेवढ्यात बॉल माझ्याकडे आला. मी कुंपणाबाहेरूनच फेकला, तो थेट स्टंपवर. कॅप्टन करंदीकर साहेब धावत आले. नाव न विचारता म्हणाले, "पुढचा रविवार मोकळा आहे?"

*

साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बाकीचेही बँकांतले नि आयटीतले. मॅच संपली की साहेब गेटजवळ मला एक पाकीट द्यायचे, जाण्यायेण्याचं म्हणून. समोरच्या टीमशी ओळख करून द्यायचे, "हा आमचा प्रोफेशनल." नाव राहून जायचं. एकदा स्कोअरबुक पाहिलं. त्या दिवशी पाच विकेट 'प्रो.'ने काढल्या होत्या.

*

आमचा विकेटकीपर निखिल, राहणारा चोआ चू कांगचा, युनिव्हर्सिटीत शिकायचा. आठवडाभर कॉलेजसाठी खेळायचा, रविवारी आमच्यासाठी. दोन्हीकडे फुकट. एकदा बोट मोडलं आणि त्याची परीक्षा बुडाली. त्याची आई सगळ्यांना डब्यातले पोहे वाढता वाढता म्हणाली, की पोराकडून एवढं खेळवून घेता, तर त्याला काही द्या तरी.

आमचे खजिनदार देशपांडेकाका म्हणाले, "वहिनी, शिकणाऱ्या मुलाच्या हातात खेळाचे पैसे पडले की तो बिघडतो."

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "तुझं वेगळं आहे रे. तुझं शिक्षण झालंय."

झालंच होतं. नववीत.

*

निखिलने कॅच सोडला की सगळे टाळ्या वाजवून "हार्ड लक" म्हणायचे. मी वाइड टाकला की कोणी काही बोलायचं नाही. एकदा परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मी त्याला विचारलं, तुला पैसे मिळावेत असं वाटतं का. तो खिडकीबाहेर बघत इथल्या पोरांसारखा म्हणाला, "नो ला. पैसे घेतले की कॅच सोडता येत नाही."

*

एका रविवारी सकाळपासून पाऊस. मी दोन तास मैदानातल्या शेडखाली बसून राहिलो. शेवटी निखिलला फोन केला, तर मागून हसण्याखिदळण्याचे आवाज. सगळे साहेबांच्या पाया लेबार भागातल्या फ्लॅटवर मिसळ खात होते. याला पण बोलावू का, असं निखिलने तिथे विचारलं. साहेबांचं उत्तर मला फोनमध्ये ऐकू आलं, "मॅच नाही तर त्याला कशाला? सुट्टीचा दिवस आहे बिचाऱ्याचा."

काळजीनेच म्हणाले असतील.

*

त्या आठवड्यात वेल्डिंग करता करता मी दोन वाक्यं पाठ केली. पुढच्या मॅचनंतर गेटजवळ साहेबांनी पाकीट काढलं, तेव्हा हात मागे घेतला आणि म्हणालो, "साहेब, यापुढे पैसे नकोत. मी असाच येत जाईन, निखिलसारखा."

साहेब खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, "हे बघ, स्पष्ट सांग. कुठल्या टीमने जास्त कबूल केलेत?"