चार किलोमीटरचं खोटं

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागले, ते काही तब्येतीची काळजी वाटली म्हणून नव्हे. शाळेतल्या एका बाईंनी हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरला आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू भरणार काय गं?" नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच. पुढे त्या बाईंचा गुडघा दुखायला लागला आणि त्या घरी बसल्या. मी मात्र अडकले.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नाही. "अर्धीच हाय न्हवं? मग जमंल तुला. अर्धं सोडण्यात तुझा हात कोण धरणार?" त्याचं काही चुकलं नव्हतं. कन्नडच्या परीक्षेची पुस्तकं आणून मी दुसऱ्या धड्यावर थांबले होते. पेटीचा क्लास तीन महिन्यांत सोडला. हौसेनं घेतलेल्या शिलाई मशीनवर आता इस्त्रीचे कपडे ठेवतो. आमच्याकडे एखादं काम रेंगाळलं की त्याला माझं नाव देतात. सगळे हसतात, मीही हसते, पण ते मला लागतं. ही एक गोष्ट तरी मला शेवटापर्यंत न्यायची होती. एकवीस किलोमीटर, स्वतःच्या पायांनी.

मामा, म्हणजे माझे सासरे, खानापूरकडच्या खेड्यातले जुने पैलवान. सत्तरी उलटली तरी मान खांद्यात रुतलेली, कान चुरगळलेले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे बेळगावात राहतात आणि दिवसाकाठी दहा शब्द बोलतात. सून रस्त्यानं पळणार म्हटल्यावर ते चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "खुराक काय हाय तुझा?"

"पोहे. दुपारी चपाती-भाजी."

त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची तालीम झाली. मामांनी पहिल्याच सकाळी पन्नास बैठका मारायला लावल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेचा जिना कठड्याला लोंबकळत चढले आणि पाचवीच्या पोरांनी विचारलं, "बाई, पडलात काय?" मग थंडाई आली. रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, सगळं मामा स्वतः घोटायचे. पहाटे साडेपाचला तांब्याभर दूध माझ्यापुढं. पळायच्या आधी एवढं कसं प्यायचं, असं मी म्हणून पाहिलं. "पैलवान काय खुळं हुतं काय? पी." प्यायले. मोठ्या माणसानं हातानं करून दिलेलं परत करायची आमच्या घरात रीत नाही.

दुसऱ्या किलोमीटरला ती थंडाई जशी गेली तशी परत आली. रस्त्याकडेच्या घरातली एक म्हातारी अंगण लोटत होती. ती खराटा टाकून धावत आली, माझी पाठ चोळली आणि मायेनं विचारलं, "कितवा चाललाय गं?" चव्वेचाळिसाव्या वर्षी! घरी येऊन मी हे सांगितलं आणि मामा मोठ्यानं हसले. सासूबाई गेल्यानंतर त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे एवढ्यावर आमची तडजोड झाली.

तीन किलोमीटरचे पाच झाले, पाचाचे आठ. आठ न थांबता झाले त्या दिवशी मी शिपाईमावशींनाही धरून सांगितलं. मग नडगी दुखायला लागली आणि दहा दिवस वाया गेले. पुन्हा तीनवर आले. एकदा तर रडून बूट कपाटावर फेकले, मामांनी काठीनं ते खाली काढून ठेवले.

आमच्या भागात आणखी एक पंचाईत आहे. ओळखीचं माणूस रस्त्यानं पायी दिसलं की गाडी थांबवायचीच. नाही थांबवली तर त्याची चर्चा होते आणि बसायला नाही म्हटलं तर राग येतो. दर दोन किलोमीटरला कुणीतरी वेग कमी करायचं. "कुठं सोडू आक्का?" पळतेय म्हटलं की, "मग बसा की, लवकर पोचशीला."

शर्यतीला तीन आठवडे उरले होते. त्या रविवारी सांबरा गावापर्यंत जाऊन परत यायचं होतं. घरापासून जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. जाताना मी मजेत गेले. परतताना ऊन वर आलं आणि चौदा किलोमीटर झाल्यावर पोटरीत गोळा आला. लंगडत चालले होते तेवढ्यात आमच्या घरी रतीब घालणारे दूधवाले अण्णा मागून गाडीवरून आले. त्यांनी किटल्या जरा सरकवल्या. "बसा आक्का. लंगडतासा की."

त्यांनी लई आग्रह केला असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी एकदाच म्हटलं. मी मोबाइलमधलं मोजमाप बंद केलं आणि बसले.

गल्लीच्या कोपऱ्यावर उतरले. मामा कट्ट्यावर बसले होते.

"सांबऱ्याला जाऊन आलीस?"

"व्हय."

"मधी कुठं थांबली न्हाईस?"

"न्हाई."

अर्ध्या तासानं अण्णा दूध घेऊन आले. रोजच्यासारखं मामांनीच पातेलं पुढं केलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. दारात दोघांचं काहीतरी बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मामा आत आले, पातेलं ठेवलं आणि पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. सुटले, असं मी मनात म्हटलं.

संध्याकाळी मामा कित्येक महिन्यांनी एकटे बाजारात गेले आणि कुंद्याचे, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, दोन बॉक्स घेऊन आले. दारोदार जाऊन त्यांनी गल्लीत कुंदा वाटला. "सून सांबऱ्याला पळत जाऊन आली. मधी कुठं थांबली न्हाई." नवऱ्यानं एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "चुकलं बघ माझं. तुला मी उगंच बोलतो." तो तुकडा मी न खाता वाटीखाली झाकून ठेवला. वीस वर्षांच्या संसारात जे ऐकायची वाट बघत होते, ते ऐकलं आणि तेही चोरीचं.

तो आठवडा वाईट गेला. भाजीवालीनं कौतुक केलं, हेडबाईंनी प्रार्थनेच्या वेळी पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण खरं सांगायचा धीर होईना. सांगितलं असतं तर मी पुन्हा अर्ध्यावर सोडणारी झाले असते, आणि वर खोटारडी.

पुढच्या रविवारी कुणाला न सांगता पहाटे निघाले. तोच रस्ता, तोच सांबरा. परतताना पोटरी त्याच सुमारास दुखायला लागली आणि मागून तीच गाडी आली. अण्णांनी वेग कमी केला.

"अण्णा, आज नको हं," मीच आधी म्हटलं.

"मी कुठं बसा म्हणतोय? तुमच्या मामांनी बजावलंय. म्हणले, फुडच्या आयतवारी ती परत जातीया बघ. बसीवलीस तर तुझं दूध बंद."

"कधी म्हणाले?"

"त्याच दिशी की, दूध घालताना. तुमी बरं हाईसा काय म्हणून मी इचारलं, तवा."

ते पुढं गेले. म्हणजे कुंदा आणायच्या आधीच मामांना सगळं ठाऊक होतं. मी ते चार किलोमीटर रडत पळले. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती, त्यांना वाटलं असेल कुणी गेलं. घरी पोचले तेव्हा मामा कट्ट्यावर होते. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं केळ्यांवर आणि बुटांच्या नाड्यांवर बोलत राहिलो.

शर्यतीत मी सतरा किलोमीटरनंतर चालले, एकोणीसनंतर पुन्हा चालले. तीन तासांची मुदत होती, दहा मिनिटं उरली असताना रेषा ओलांडली. नवरा फोटो काढायला माणूस शोधत फिरत होता. धोतर सावरत मामा मैदानाच्या कडेला गवतावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसकण मारली आणि श्वास लागलेला असतानाच म्हणून टाकलं, "मामा, त्या रविवारी मी खोटं बोलले. शेवटचे चार किलोमीटर मी गाडीवरनं आले होते."

मामांनी पाण्याच्या बाटलीचं टोपण काढलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"कुठल्या आयतवारी?" ते म्हणाले. "मला काय ध्यानात न्हाई बघ. पाणी पी."