गुडघ्यावरून

माझा मामा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचा. आयुष्यभर त्याने ते एकच काम केलं आणि एकच प्रश्न विचारला: "या खेळात घरचा कर्ता कोण?" त्यामुळे यंत्रांच्या शेडमधले सगळे त्याला 'चौकशी खिडकी' म्हणायचे.

मॅनेजर सांगायचा, नियम वरून येतात. म्हणजे देशाच्या संघटनेकडून. तिलाही ते वरूनच येतात. त्या वरच्या जागी दोन संस्था, एक स्कॉटलंडात आणि दुसरी अमेरिकेत, पण नियम दोघी मिळून एकच लिहितात. ऑलिंपिकचं बघायला आणखी तिसरीच संघटना. मामाचं डोकं गरगरायचं.

"एका म्यानात दोन तलवारी, आणि भांडण नाही?" तो मामीला विचारायचा.

"भांडत असतील की. तुम्हाला कशाला कळवतील?" मामी म्हणायची.

काही वर्षांपूर्वी वरून एक बदल आला. पाण्याबिण्यात गेलेला चेंडू उचलून बाजूला टाकायचा असेल, तर पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, आता गुडघ्याच्या उंचीवरून. मॅनेजरने हे फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, वॉचमनने माळ्याला, आणि शेडपर्यंत येईस्तोवर ध चा मा झाला: "आता चेंडू गुडघ्यावरून टाकायचा." झालं! सगळे कर्मचारी चेंडू टाकताना गुडघे टेकायला लागले. ते सोमवारी खेळायचे, तेव्हा मैदान बंद असायचं, त्यामुळे त्यांना बघायला कुणी नव्हतं. तण उपटून उपटून मामाचे गुडघे कामातून गेलेले. तो कण्हत खाली बसायचा, हात खांद्याच्या रेषेत लांब करायचा आणि चेंडू सोडायचा.

"कशासाठी हे?" मी एकदा चिडून विचारलं.

"आदर असेल."

"कुणाचा? चेंडूचा का गवताचा?"

"ते वरच्यांना माहीत," तो म्हणाला. त्याला खरंच वाटायचं की वर कुणालातरी ते माहीत असेल.

मामाच्या निवृत्तीच्या महिन्यात कर्मचाऱ्यांच्या कपचा शेवटचा सामना आला, मामा विरुद्ध कँटीनचा आचारी. कप मामाला पितळेसाठी नको होता. जिंकणाऱ्या कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतरही सोमवारी मैदानावर खेळायला येता यायचं, बाकीच्यांना फाटक बंद. ते गवत सोडून मामा जगेल कसा, याची आम्हाला घरात धास्तीच होती. त्यात या शहाण्या मामानेच हट्ट धरला की यंदा संघटनेकडून खरा पंच हवा, सगळं वरच्या नियमाने होऊ दे. आलीसुद्धा एक पंचबाई.

शेवटच्या होलपर्यंत मामाचा एक फटका कमी, म्हणजे तो पुढे. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. तेवढ्यात त्याचा चेंडू साचलेल्या पाण्यात गेला. मामाने रीतसर गुडघे टेकले, हात लांब केला, चेंडू सोडला आणि उठून झकास फटका मारला. पंचबाई मागून धावत आली तेव्हा उशीर झाला होता.

"काका, हे काय केलंत?"

"गुडघ्यावरून टाकला."

"अहो, उभं राहून! गुडघ्याच्या उंचीवरून! एका फटक्याचा दंड."

हे स्कॉटलंडवाल्यांचं म्हणणं की अमेरिकावाल्यांचं, हेही मामाने विचारून घेतलं. ती म्हणाली, दोघांचं. होल संपला तेव्हा दंड धरून बरोबरी झाली. आता एक होल जास्तीचा खेळायचा होता. आचारी हातमोजा चढवत होता. मी मनात म्हटलं, चला, अजून जीव आहे.

मामा मात्र हलेना. कपाळावर आठ्या घालून तो गोंधळल्यासारखा उभा होता.

"बाई, पाचव्या होललाही चेंडू पाण्यात गेला होता, पाइप फुटलेला. झाडांमागे. तिथेही मी गुडघे टेकले होते."

"मी पाहिलं नाही," पंचबाई म्हणाली.

"कुणीच नाही पाहिलं."

तिने खाली मान घालून आणखी एक फटका वाढवला. आचारी जिंकला, पण त्याला हसू येईना. मला तर मामाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. घरी येताना मी त्याच्या चार पावलं पुढेच चालले.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला, टोपलीतलं लिंबू घेतलं, उभ्या उभ्या जरासा वाकला, गुडघ्याशी हात नेऊन लिंबू सोडलं. ते घरंगळत मामीच्या पायाशी गेलं.

"एवढंच होतं होय!" तो म्हणाला आणि गुडघे चोळत खुर्चीत बसला.

मामीने लिंबू उचललं. "पाचव्याचं सांगायला कुणी लावलं होतं तुम्हाला?"

मामा विचारात पडला. स्कॉटलंड, अमेरिका, संघटना, मॅनेजर, सगळ्यांना त्याने मनातल्या मनात विचारून पाहिलं असावं.

"काय की," तो म्हणाला. "वरून तर काही आलं नव्हतं."