दस्त्यावरचा गाल

सबंध वऱ्हाडात बंदुकीला इतका भिणारा आणि बंदुकीवर इतका जीव टाकणारा माणूस आमच्या सासऱ्यांशिवाय दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याच्या जावयाचे काय हाल झाले असतील ते मला विचारावं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी रोहिणखेडला वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवत, आणि दिवाळीत पोरांनी नुसती टिकली फोडली तरी दोन्ही कानांवर हात ठेवून घरात जात. जन्मात त्यांनी बंदुकीचा घोडा ओढला नाही. पण मोताळ्यापासून चिखलीपर्यंतच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या बंदुकांचं लाकूड त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. नळी, घोडा, काडतूस यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. खांद्याला टेकवायचा जो लाकडी दस्ता, तेवढाच त्यांचा. "नळी तुमच्या घरी, लाकूड आमच्या घरी," असा त्यांचा कायदा होता. लोक पेच काढून, नुसता दस्ता फडक्यात गुंडाळून, एखाद्या तान्ह्या पोराला आणावं तसा त्यांच्या ओट्यावर आणून ठेवत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. चार-पाच वर्षांत आमच्या जिल्ह्याने तीन राज्यं पाहिली, पण मामाजी म्हणत, "राज बदललं तरी डुक्कर तेच हाये." हरभऱ्यात डुकरं आणि तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरत, म्हणून बऱ्या शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक असायची. वर्षातून एकदा ती तहसिलीत तपासणीला न्यावी लागे. तिथे चार गावची माणसं एका ओळीत उभी राहात आणि साहेबांपेक्षा एकमेकांच्याच बंदुका जास्त पाहात. त्यामुळे तपासणीआधीचे दोन महिने मामाजींच्या वांग्यांना पाणी कोण देई, हे देवालाच माहीत.

माझं लग्नसुद्धा याच पायी झालं. मी नांदुऱ्याच्या शाळेत सायन्स शिकवत होतो. मुलगी पाहायला आम्ही रोहिणखेडला गेलो, तेव्हा आमचे वडील आपलं घराणं सांगत होते, शेत किती, विहिरी किती, आणि मामाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे पाहात होते. मधेच त्यांनी कोटाच्या खिशातून एक पुडी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत नारिंगी खडे होते. "हे काय हाये?" मी म्हणालो, "पोटॅशियम डायक्रोमेट. विषारी आहे, हात धुवा आधी." मामाजींचा चेहरा असा काही उजळला की आमचे वडील बोलायचे थांबले. "डाक्तरले नाई वळखू आलं, कंपाउंडरले नाई वळखू आलं," ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आना पोरगी भाईर." हात मात्र त्यांनी धुतले नाहीत. धुऊनही उपयोग नव्हता. त्यांच्या बोटांवर पिवळा, काळा, तांबडा असे रंग कायमचे वस्तीला आले होते, आणि लग्नात मला ओवाळणीचं ताट देताना काढलेल्या फोटोत, तो काळा-पांढरा असूनही, ते दिसतात.

त्यांचं औषधालय म्हणजे गोठ्यातला एक कोनाडा. हिरडा, हिराकस, काथ, चुना, बुधलीतलं शोऱ्याचं तेजाब, म्हणजे आमचं नायट्रिक ॲसिड, आणि पटकीची साथ आली की सरकारी माणूस विहिरीत टाकायला आणतो ते लाल औषध. हे शेवटचं त्यांना फार प्रिय. लाकडावर लावताना जांभळं दिसतं आणि बघता बघता बदामी होतं. तो सरकारी माणूस रस्त्यात दिसला की मामाजी मोठ्या आशेने विचारत, "काऊन हो, औंदा पटकी नाई काय?" कुठलं लाकूड कुठल्या औषधाला राजी होतं हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि लाकडांबद्दल ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "शिसम मोठ्या घरची सून हाये, तिले जास्त दागिने घालू नाई. बाभूळ तापट, हिराकसाचं पानी दाखवलं का तोंड काळं करून बसते. सागाले पह्यले हिरड्याचं पानी पाजा, मंग बोला." लाकडाला विचारल्याशिवाय रंग लावू नये हे त्यांचं ब्रीद. घरच्या माणसांना मात्र कधी विचारत नसत. सासूबाईंचा पोळपाट अर्धा काळा होता. माझ्या दिवाळसणाला मला ज्या पाटावर बसवलं त्याला सकाळीच लाल औषध चोपडलेलं होतं. उठलो तर नवं कोरं धोतर मागून बदामी. सासूबाई ओशाळून गेल्या, मेव्हण्या तोंडाला पदर लावून पळाल्या, आणि मामाजींनी मला उलटं वळवून, खाली वाकून, धोतर नीट पाहिलं. "सुतावरबी बरं चढते," ते म्हणाले.

तेजाब सौम्य कसं करावं, मागून सोड्याचं पाणी का फिरवावं, हे मी त्यांना शिकवलं. त्यांनी मला शिकवलं ते पुस्तकात नव्हतं. गोठ्याच्या आढ्याला दस्ता दोन महिने टांगून ठेवला की तो आपोआप गडद होतो. मी त्यांना सांगितलं की मामाजी, हा गोमूत्रातला अमोनिया. ते म्हणाले, "ते तुमी शाळेत सांगा. मी म्हनतो, गाय रंग देते." पुढच्या वर्षी मी वर्गात अमोनिया शिकवताना गाय रंग देते असंच बोलून गेलो, आणि मुलं हसली.

तर एकदा अमडापूरच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा दस्ता घेऊन आला. वडील वर्षापूर्वी गेले होते, परवाना नुकताच त्याच्या नावावर झाला होता, आणि पहिल्याच तपासणीला त्याला झोकात जायचं होतं. "नव्यासारखा करून द्या," तो म्हणाला. जुनं शिसम होतं, विटलेलं, आणि एका बाजूला तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग. मामाजींनी दस्ता उन्हात धरला, डागावर नख फिरवलं आणि म्हणाले, "कितीक वरसाचा मळ हाये हा." मग गरम सोड्याच्या पाण्याने धुतला, काचकागद मारला, तेजाबाचा हात दिला, निखाऱ्यांवर दुरून शेकला. तीन आठवड्यांनी जो रंग आला तसा मी आजवर दुसऱ्या लाकडावर पाहिला नाही. मामाजींना तो दस्ता कुणाच्या हाती पाठवायला जीव होईना. स्वतः निघाले, आणि कुणीतरी रसायन जाणणारा सोबत असावा म्हणून सुट्टीवर आलेल्या मलाही एस.टी.त घातलं.

अमडापूरला मुलगा खूष झाला. चहा आला. दस्ता पाहायला आतून त्याची आई बाहेर आली. पांढऱ्या कपाळाची, सावकाश चालणारी बाई. तिने दस्ता मांडीवर घेतला, एका जागी हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"इथं त्यायचा गाल होता," ती म्हणाली. मग मामाजींकडे पाहून विचारलं, "धुतला काय तुमी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं तिचा नवरा पिकाच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर बसून दस्त्याला गाल टेकवत आला होता. त्याचा घाम आणि डोक्याचं तेल लाकडात मुरलं होतं. अंगरखे दान केले, पलंग वाटणीत गेला, फोटो कधी काढलाच नव्हता. घरात तो माणूस उरला होता तो तेवढ्या तळहातभर जागेत. ती दस्ता मुलाच्या हाती देऊन आत गेली. मामाजींनी चहाची बशी खाली ठेवली. मुलाला म्हणाले, "तपासनीले महिना हाये ना? दस्ता वापस द्या मले."

त्या महिन्यात मामाजी जेवत होते की नाही कोण जाणे. भाकरीचा तुकडा हातात धरून मधेच म्हणत, "मी मळ म्हनलो त्याले." मी त्यांना शास्त्रीय भाषेत समजावलं की चाळीस वर्षांचा घाम बाटलीत मिळत नाही. ते म्हणाले, "मंग तुमी पोराईले शिकवता तरी काय?" शिसमाच्या वीसेक तुकड्यांवर त्यांनी प्रयोग केले. हिराकसाने निळसर छटा येई, काथ-चुन्याने पान खाऊन थुंकल्यासारखं दिसे. आठवणीतल्या त्या डागाशी प्रत्येक तुकडा ताडून पाहात आणि फेकून देत. शेवटी हिरड्याचं पाणी सात वेळा, हिराकस नावापुरतं, आणि वर आठवडाभर गोठा, असं करून रंग जमला. पण डागाची कड कशी असावी? गाल कुठे दाट टेकतो, कुठे नुसता लागतो? ते लाकूड सांगेना. मग या माणसाने, टिकली फुटली तरी घरात पळणाऱ्या माणसाने, ओट्यावर बसून दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. रोज तासभर. ओट्यासमोर माणसं जमत. "काका, जपून, गोळी उडून जाईन ना," कुणीतरी म्हणे. नुसतं लाकूड, ना नळी ना घोडा, तरी मामाजींच्या कपाळावर घाम यायचा. तो पुसायला ते सासूबाईंना मनाई करत. "राहू दे," म्हणत, "कामाचा हाये."

तपासणीला चार दिवस असताना आम्ही पुन्हा अमडापूरला गेलो. या वेळी मामाजींनी वाटभर दस्ता मांडीवरून खाली ठेवला नाही. म्हातारीने दस्ता मांडीवर घेतला. तिची बोटं त्या जागी गेली आणि थांबली. मामाजी तिच्या बोटांकडे पाहात होते, मी मामाजींकडे. तिने दस्ता उचलून नाकाशी नेला, वास घेतला, आणि उठून आत गेली. मामाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तेलाची वाटी होती. खाली बसली, खोबरेलात बोटं बुडवली आणि त्या डागावर हळूहळू चोळू लागली. "याले वास नाई त्यायचा," ती म्हणाली. "त्यायले खोबऱ्याचं तेल लागे. दर बुधवारी मीच लावून देत होती."

आता हे सांगितलं पाहिजे की बंदुकीच्या लाकडाला फक्त जवसाचं तेल चालतं, कारण ते सुकून कडक होतं. खोबरेल कधी सुकत नाही. धूळ धरतं, चिकट होतं, खालचा रंग खातं. एका पाटलाने दस्त्याला खोबरेल लावलं म्हणून मामाजींनी त्याला भर बाजारात चार शब्द ऐकवल्याचं मी स्वतः पाहिलेलं होतं. महिनाभराची मेहनत त्या वाटीत चालली होती. मामाजींचे ओठ हलले. मग ते थोडे पुढे सरकले आणि बोटाने दाखवत म्हणाले, "बाई, कानाकडून कमी झालं. थोडं इकडंबी लावा."

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून ते बाहेरची कपाशी पाहात होते. चिखली यायच्या आधी आपण होऊन म्हणाले, "दोन वरसात खराब होईन ते. समदं चिकट होऊन जाईन."

"मग सांगितलं का नाही तिला?" मी विचारलं.

"काय सांगू, जवाईबापू? नवऱ्याच्या डोक्याले तेल नोको लावू म्हनू?"

मामाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि त्यांच्या इतर गोष्टी सांगताना मी अजून खळखळून हसतो. पण बुधवारी आमच्या घरात कुणी डोक्याला तेल लावून घेत बसलं असलं, तर मी तिथे थोडा वेळ उगाच उभा राहतो.