मायाक्काचे नव्वद

आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला काय अक्कल लागते? तो आपल्या पायानं येतो. खरी कसोटी धडधाकट माणसाला न्यायची. ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो दोन्ही वेळा पोटभर जेवतो, त्यानं दर वर्षी कामधंदा सोडून हातात सुई का टोचून घ्यावी? आणि सोलापुरात मायाक्काचं काम नेमकं हेच होतं.

पाच वर्षांपूर्वी शहरातल्या एकशे दहा निरोगी माणसांनी टायफॉइडची एक नवी लस आपणहून टोचून घेतली होती. लस लागू पडते हे कळलं, पण किती वर्षं टिकते? ते कळायचं तर त्याच माणसांचं रक्त वर्षाच्या वर्षाला तपासायला हवं. तीच माणसं, दुसरी चालत नाहीत. त्यांना शोधून, समजावून केंद्रावर आणायचं ते मायाक्कानं.

बाई मूळची अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, शिक्षण नववी, वय पन्नाशीच्या पुढं आणि जीभ मिरचीसारखी. नवरा शिवलिंगप्पा म्हणायचा, "हिला माझी जन्मतारीख ठावं न्हाय, पण साखरपेठेतला कोण कुठल्या पाळीला असतो ते तोंडपाठ." खोटं नव्हतं ते. लस टोचायचा महिनासुद्धा तिनंच ठरवला होता. मोठे डॉक्टर जून म्हणत होते. ही म्हणाली, "जानेवारी धरा. संक्रांतीत गड्ड्याच्या जत्रेला पुण्यामुंबईचा सोलापूरकर घरी येतोच. जूनमध्ये रिकाम्या खुर्च्यांचं रक्त घ्याल." डॉक्टरांनी मुकाट्यानं जानेवारी धरला.

जबरदस्ती मात्र तिनं कुणावर केली नाही. "यायचं का न्हाय, तुमची मर्जी. पण यायचं नसंल तर तोंडावर सांगा, फोन बंद करून बसू नका," एवढंच म्हणायची. त्यामुळंच की काय, लोक यायचे.

पाचवं वर्ष शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नियम असा, की एकतीस जानेवारीच्या आत किमान नव्वद जणांचं रक्त मिळायलाच हवं. एकोणनव्वद झाले तर सोलापूरचे आकडे बाद आणि पाच वर्षांची मेहनत पाण्यात. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी नव्वदावं नाव भरलं आणि केंद्रात पेढे वाटले गेले. मायाक्कानं दोन खाल्ले, साखरेची गोळी चालू असताना.

तीस तारखेला दुपारी केंद्राच्या डॉ. महेश्वरी मॅडमनी तिला आत बोलावलं. शेजारी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून तपासणीला आलेले अभिमन्यू साहेब बसले होते. मॅडमचा चेहरा उतरला होता.

"मायाक्का, त्या टॉवेल कारखान्यातल्या मल्लेशचा रक्तगट चार वर्षं 'ओ' येत होता. या वेळी 'बी' गट आलाय."

"असं कसं हुईल, मॅडम?"

"होत नाही," साहेब म्हणाले. "माणसाचा रक्तगट असा बदलत नाही. आकडा भरायला तुम्ही दुसरंच कुणीतरी आणून बसवलं. कोण येतंय ते तुम्ही बघता तरी का, बाई? ही एक नळी खोटी निघाली. बाकीच्या एकोणनव्वद खऱ्या कशावरून?"

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अठ्ठावीस तारखेला दुपारपर्यंत ती केंद्रात नव्हतीच, लग्न होऊन मंगळवेढ्याला गेलेल्या वच्छलाला आणायला एस.टी.नं गेली होती. मल्लेशला नोंदणीच्या टेबलावरच्या नव्या बाईंनी कार्ड बघून बसवलं होतं. हे तिला सांगता आलं असतं. पण त्या नव्या बाईंची नोकरी जायची, म्हणून ती गप्प राहिली. "उद्या संध्याकाळपतुर थांबा," एवढंच म्हणाली. बाहेर येऊन पदर तोंडाला लावून दोन मिनिटं रडली. पाच वर्षं उन्हातान्हात चपला झिजवल्या त्या खोटेपणाचा आळ ऐकायला? मग तोंड धुतलं आणि अक्कलकोट रोडची रिक्षा धरली.

मल्लेश टॉवेलच्या कारखान्यात चार मागांमध्ये उभा होता. खडखडाट एवढा, की तिला ओरडावं लागलं.

"काय बे मल्लेश, रक्त द्यायला आलतास का न्हाय?"

मल्लेशनं छाती फुगवली. "म्हणजे काय, अक्का! खाडा केला न्हाय आपण. मोठी ऑर्डर हाय, मागावरनं हलता येईना. म्हणून बदली धाडला की! आमचा मेव्हणा, अनिलकुमार. माझं आधार कार्ड दिलं त्याच्याजवळ."

आता याला काय म्हणावं? मागवाल्यांचा हा रिवाजच. आपल्याला जमलं नाही तर बदली माणूस पाठवायचा, माग बंद पडू द्यायचा नाही. बदली न पाठवता घरी बसतो तो बेजबाबदार. मल्लेशनं आपल्या परीनं शब्द पाळला होता. राहिलं कार्ड. आधार कार्डावरच्या फोटोत माणूस स्वतःला ओळखत नाही, तिथं नव्या बाईंना मेव्हणा काय कळणार!

मायाक्काला हसावं की रडावं कळेना. "अरे गाढवा, लस तुझ्या दंडात टोचली का मेव्हण्याच्या?"

"रक्त ते रक्तच की, अक्का. त्यो बी लई निरोगी हाय."

"त्याच्या रक्तानं ती लस बघितली तरी हाय का? पाच वर्षं तुझ्या अंगात जे टिकलंय, ते किती टिकलंय हे बघायचंय. त्याला बदली मिळत न्हाय."

मल्लेशचा चेहरा पडला. "तुमच्यावर आलं काय?"

"आलं. मी खोटी ठरले."

तो धावतच मुकादमाकडं गेला. मुकादम ऐकेना. उद्या गाडी भरायची होती, चार माग उभे ठेवून कसं चालेल? मायाक्का पुढं झाली.

"अनिलकुमारला माग चालवता येतोय का?"

"माझ्यापरीस बरा चालवतोय," मल्लेश म्हणाला.

"मग आता तरी बदली खऱ्या जागी उभा कर!"

मुकादमालाही हसू आलं. एकतीस तारखेला सकाळी अनिलकुमार मागावर आणि मल्लेश केसांत कापसाचे तंतू घेऊन केंद्राच्या खुर्चीत. साहेब समोर हाताची घडी घालून उभे. रक्त काढलं, काचेवर थेंब तपासला. ओ. मॅडमनी पुन्हा तपासला. ओच.

साहेब एवढ्यावर थांबले नाहीत. बाकीच्या एकोणनव्वद जणांचे रक्तगट जुन्या नोंदींशी एकेक करून लावून बघितले. तोवर गोष्ट पेठेत पसरली होती. "अक्काला खोटं कोण म्हणतंय?" म्हणत पंचवीस-तीस माणसं पुन्हा रक्त द्यायला बाह्या वर करून दारात उभी राहिली. मायाक्कानंच त्यांना दटावून घरी पाठवलं. चार वाजता साहेबांनी शेवटचा कागद खाली ठेवला. एकोणनव्वदच्या एकोणनव्वद जुळले होते. मल्लेश धरून नव्वद.

मायाक्काचा ऊर भरून आला. मॅडमनीच उठून तिला मिठी मारली.

तीन महिन्यांनी निकाल आला. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी जणांच्या रक्तात लसीची ताकद पाचव्या वर्षीही शाबूत होती, मल्लेशच्या तर भरपूर. शेवटी धरलेल्या नव्वदांत एकही माणूस बदललेला नाही, असं सगळ्या केंद्रांत एकट्या सोलापूरचं. अभ्यास दहा वर्षांपर्यंत वाढवायचं ठरलं.

अभिमन्यू साहेब कागदांचा गठ्ठा घेऊन स्वतः पुण्याहून आले. सगळ्यांसमोर मायाक्कापुढं उभे राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आता नवा नियम केलाय. ओळखणाऱ्या माणसानं सही केल्याशिवाय नळी पुढं जाणार नाही. इथं ती सही तुमची. या नव्वदांवरही तुमचीच हवी." त्यांनी पेन पुढं केलं. "पाच मिनिटांचं काम आहे. मला तीनची गाडी गाठायचीय."

मायाक्कानं चष्मा लावला आणि पहिला कागद जवळ ओढला.

"बसा साहेब, चहा घ्या," ती म्हणाली. "कोण हाय ते बघितल्याबिगर मी सही करत न्हाय."